हवा काढणं आणि हवा जाणं

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा आडवाटेचा आहे. अप्रेझल नाही, ऑनसाइट नाही, घराचे हप्तेही नाहीत. विषय आहे लष्करी ट्रकचं चाक. नेमकं सांगायचं तर त्या चाकात बीडलॉक घालावा की रनफ्लॅट इन्सर्ट.

हसू नका. मेकॅनिकलची डिग्री घेऊन कोड लिहीत बसलेल्या हजारो मराठी मुलांपैकी मी एक. आठवडाभर हाताला न लागणाऱ्या गोष्टी जुळवायच्या आणि शनिवारी हाताला ग्रीस लागेल असं काहीतरी वाचायचं, हा आमचा विरंगुळा. त्यातून कॉलेजचा एक मित्र ऑटोमोबाइलमध्ये टिकून राहिलेला. त्याचं मत एकदम ठाम: "अरे, सैन्याच्या प्रत्येक ट्रकमध्ये रनफ्लॅट घालून टाकावेत. टायरला गोळी लागली तरी गाडी चालते. जवानाच्या जिवापुढे खर्च कसला बघतोस?"

वाक्य ऐकायला इतकं बिनतोड आहे की त्याच्या विरोधात बोलणारा माणूस आपोआप देशद्रोही किंवा किमान कंजूष तरी ठरतो. तरीही मी विरोधात बोलणार आहे. माझं मत असं की पहिला पैसा बीडलॉकवर आणि हवा कमी-जास्त करण्याच्या सोयीवर खर्च व्हावा. रनफ्लॅट इन्सर्ट हवेतच, पण निवडक गाड्यांना. का, ते सांगतो. थोडं भौतिकशास्त्र सहन करावं लागेल, पण बारावीच्या पलीकडचं काही नाही.

सुरुवात अगदी साध्या प्रश्नापासून करू. टायर रिमवर कशाने टिकून राहतो? बोल्ट नाहीत, डिंक नाही, वेल्डिंग नाही. टायरची आतली जाड कड असते, तिच्यात पोलादी तारांचं कडं असतं. या कडेला बीड म्हणतात. आतली हवा दोन्ही बाजूंचे बीड बाहेरच्या दिशेने दाबते आणि ते रिमच्या काठाला घट्ट टेकून बसतात. म्हणजे हवा दोन कामं करते: गाडीचं वजन पेलते आणि टायरला जागेवर धरून ठेवते. आपल्याला पहिलं काम माहीत असतं. दुसरं काम हवा इतक्या निमूटपणे करते की ती कमी होईपर्यंत त्याची आठवणही होत नाही. (आमच्याकडे सर्व्हर सांभाळणाऱ्या लोकांचं असंच असतं. असो.)

आता ही हवा दोन प्रकारे कमी होते. एक, आपण मुद्दाम काढतो. दोन, शत्रू काढतो. बीडलॉक आणि रनफ्लॅट यांच्यातला सगळा वाद या दोन वाक्यांत आहे.

आधी मुद्दाम काढण्याबद्दल. समजा एका चाकावर २००० किलो वजन आहे आणि टायरमध्ये ८० पीएसआय हवा आहे. ८० पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण ५.६ किलो. टायरच्या भिंतींचा ताठपणा सोडून दिला तर जमिनीला टेकणारा भाग झाला २००० भागिले ५.६, म्हणजे सुमारे ३५७ चौरस सेंटिमीटर. ए-फोर कागदाच्या निम्म्याहून थोडा जास्त. त्यावर दोन टन! मऊ वाळूत हे चाक टाचेसारखं आत घुसणार. आता हवा २० पीएसआयवर आणा. तोच हिशोब १४०० चौरस सेंटिमीटरच्या वर जातो. क्षेत्रफळ चौपट, जमिनीवरचा दाब पाव. तेच चाक आता उंटाच्या पावलासारखं वाळूवर पसरतं. प्रत्यक्षात टायरचा ताठपणा मध्ये येतो, त्यामुळे आकडे इतके नीटनेटके येत नाहीत, पण कल मात्र हाच.

हे ज्ञान जुनं आहे. राल्फ बॅगनोल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी इंजिनिअर १९२० आणि ३० च्या दशकांत इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात फोर्ड गाड्या घेऊन भटकत होता, तो मऊ वाळू आली की टायरची हवा काढायचा. पुढे त्याने १९४० साली लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला, त्यांच्या शेवरोले ट्रकनीही हेच केलं. फक्त वाळू संपली की पुन्हा हवा भरा, हा व्याप होताच. त्यावर अमेरिकनांनी १९४२ च्या डीयूकेडब्ल्यू या पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणाऱ्या ट्रकमध्ये तोडगा काढला. ड्रायव्हर आपल्या जागेवर बसूनच टायरची हवा कमी-जास्त करू शकत होता. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर १९४४ मध्ये समुद्रातून थेट वाळूवर चढणाऱ्या त्या गाड्यांचं हे मोठं बळ होतं. आज अमेरिकेच्या एफएमटीव्ही ट्रकमध्ये हीच सोय बटणावर आहे: रस्ता, कच्चा मुलूख, वाळू आणि अगदीच अडकलो तर आणीबाणी. ड्रायव्हरने फक्त निवडायचं.

मग अडचण कुठे आली? वर म्हटलं ना, हवा दोन कामं करते. वाळूत पसरावं म्हणून हवा काढली की बीडला रिमवर दाबून धरणारा जोरही गेला. अशा अवस्थेत गाडी वळवली किंवा आडव्या उतारावरून नेली, तर बीड रिमच्या काठावरून सुटून मधल्या खोलगट भागात घसरतो. एका क्षणात उरलेली सगळी हवा बाहेर. शिवाय इंजिनाचा जोर मोठा असेल तर टायर वाळूत जिथल्या तिथे राहतो आणि रिम त्याच्या आत फिरते. ट्यूबवाला टायर असेल तर ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून उपटून निघतो. म्हणजे रुतू नये म्हणून जे केलं त्यानेच चाक निकामी झालं.

बीडलॉक याच्यावर उपाय. नावाप्रमाणे तो बीडला कुलूप लावतो. शर्यतीच्या आणि हौशी ऑफरोड गाड्यांत बहुधा बाहेरच्या बाजूला एक कडं असतं, बीड त्याच्या आणि रिमच्या मध्ये घालून वीस-पंचवीस बोल्टनी आवळतात. लष्करी पद्धत वेगळी. रिम दोन भागांत असते, दोन्ही बीडच्या मधोमध एक रुंद कडं घालतात आणि रिमचे दोन्ही भाग बोल्टनी एकमेकांना जोडतात. आतलं कडं बीडना दोन्ही बाजूंनी काठावर दाबून धरतं. झालं. आता हवा असो वा नसो, टायर रिम सोडत नाही.

'हवा असो वा नसो' हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता दुसरी बाजू. शत्रूने हवा काढली. गोळी म्हणा, तोफगोळ्याची कपची म्हणा. इथे बीडलॉक टायरला जागेवर धरेल, पण वजन कोण पेलणार? हवा नसलेला टायर चपटा होतो, रिम त्याच्या भिंतींवर बसते आणि थोड्याच अंतरात त्या भिंती चिरडून, तापून फाटतात. रनफ्लॅट इन्सर्ट म्हणजे टायरच्या आत, रिमभोवती बसवलेलं एक भक्कम कडं. कधी रबराचं, कधी टणक पॉलिमरचं, पूर्वी काही गाड्यांत धातूचंही. नेहमीच्या दिवशी ते कशालाच शिवत नाही. हवा गेली की टायरचा आतला पृष्ठभाग त्याच्यावर टेकतो आणि गाडी थोडी खाली बसून चालत राहते.

चालत राहते, पण किती? हमवीच्या बाबतीत नेहमी सांगितला जाणारा आकडा सुमारे तीस मैलांचा, म्हणजे पन्नासेक किलोमीटर, तेही सावकाश. कारण उष्णता. टायरचा आतला घेर आणि इन्सर्टचा बाहेरचा घेर वेगवेगळे. एकाच गतीने फिरताना ते एकमेकांवर घासणारच. म्हणून आत वंगण घालतात, तरीही तापमान चढत जातं. थोडक्यात, रनफ्लॅट गाडीला मुक्कामाला पोहोचवण्यासाठी नाही. तो तिला गोळीबाराच्या टप्प्यातून बाहेर काढण्यासाठी आहे.

इथे एक गैरसमज दूर करतो. आपल्यापैकी काही सुखवस्तू मंडळींच्या जर्मन गाड्यांत 'रनफ्लॅट' असतात आणि त्यामुळे स्टेपनीच दिलेली नसते, ते रनफ्लॅट वेगळे. तिथे टायरच्या भिंतीच जाड आणि ताठ असतात, त्या कारचं वजन पेलतात. ट्रकच्या वजनाला हा खेळ परवडत नाही, म्हणून तिथे आत वेगळं कडं लागतं.

आता गंमत बघा. इन्सर्टवर गाडी चालताना टायरमधली हवा शून्य आहे. मग बीडना जागेवर कोण धरतंय? कोणीच नाही! पहिल्याच वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो आणि मग नुसतं इन्सर्टचं कडं रस्त्यावर घासत जाणार. म्हणून चांगल्या लष्करी इन्सर्टची रचनाच अशी असते की ते बीडनाही दाबून धरतात. हचिन्सन या फ्रेंच कंपनीचे रबरी इन्सर्ट याचं उत्तम उदाहरण. रबराचं कडं बीडच्या मधल्या जागेपेक्षा किंचित रुंद असतं, रिमचे दोन भाग आवळले की ते दाबलं जातं आणि बीडना घट्ट धरतं. एकाच वस्तूत दोन्ही कामं.

म्हणजे 'बीडलॉक की रनफ्लॅट' हा प्रश्नच मुळात समान पायरीवरचा नाही. रनफ्लॅटला बीडलॉक लागतोच. बीडलॉकला रनफ्लॅट लागत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर एक दुसऱ्याची डिपेन्डन्सी आहे.

इतिहासही हेच सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन जीप आणि ट्रकना 'कॉम्बॅट रिम' बसवायला सुरुवात झाली. दोन भागांची बोल्टने जोडलेली रिम आणि आत बीडना धरणारं कडं. उद्देश वाळूचा नव्हता. गोळी लागून टायर बसला तरी तो रिमवर राहावा, हा होता. ताठ भिंतींच्या टायरबरोबर ते थोडं अंतर निभावून नेत असे. म्हणजे बीडलॉकचा जन्मच सपाट टायरवर चालण्यासाठी झाला. इन्सर्ट हा त्याचा धाकटा, जास्त खर्चिक भाऊ :-)

तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे की. दोन्ही कामं करणारा इन्सर्ट सगळ्यांना घाला. हाच माझ्या मित्राचा मुद्दा. आता त्याचे हिशोब बघू.

पहिला हिशोब वजनाचा. ट्रकच्या चाकातला रबरी इन्सर्ट उशीसारखा हलका नसतो, किलोंमध्ये सहज दोन आकडी असतो. समजा एक इन्सर्ट ४० किलोचा धरला, तर सहा चाकी ट्रकमागे २४० किलो, स्टेपनीचा वेगळा. तेवढं पाणी, तेवढा दारूगोळा, तेवढं रेशन कमी. आणि हे वजन साध्या जागी नाही, स्प्रिंगच्या खाली आणि फिरणाऱ्या भागात आहे. प्रत्येक खड्ड्यात ते अॅक्सलला, बेअरिंगला आणि ब्रेकला जाणवतं. हे रोज सोसायचं, त्या एका दिवसासाठी.

दुसरा हिशोब वाळूचा. इन्सर्टने टायरच्या आतली बरीच उंची व्यापलेली असते. वाळूसाठी हवा खूप कमी केली आणि दगड आडवा आला, की टायर आत इन्सर्टवर आपटतो. म्हणजे गोळीसाठी घातलेली वस्तू वाळूतल्या लवचीकतेवर मर्यादा घालते. मोठं नुकसान नाही, पण आहे.

तिसरा हिशोब दुरुस्तीचा आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इन्सर्ट बसवलेला टायर खोलणं हे खास अवजारांचं काम आहे. रबराचं ताठ कडं टायरच्या आत कोंबायचं, मग रिमचे दोन भाग आवळायचे. सुसज्ज वर्कशॉपमध्ये ठीक. थंडीत, अंधारात, रस्त्याकडेला जॅक लावून बसलेल्या तिघांना विचारा. साधा बीडलॉक त्या मानाने मवाळ, पण तोही बिनधोक नाहीच. दोन भागांच्या रिममध्ये हवा असताना बोल्ट ढिले केले तर आतला दाब काही टनांच्या जोराने ते भाग अलग करतो. माणूस जातो. आपल्याकडे जुन्या ट्रकच्या लॉक रिंगवाल्या चाकांत हवा भरताना रिंग उडून झालेले अपघात हमरस्त्यावरच्या कोणत्याही टायरवाल्याला विचारा. म्हणून नियम एकच: आधी व्हॉल्व्हची पिन काढा, हवा पूर्ण जाऊ द्या, मगच पान्हा लावा. आणि भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात. जितकी रचना गुंतागुंतीची, तितका हा नियम विसरण्याची किंमत जास्त.

चौथा हिशोब जरा वेगळा. टायरला पडलेलं प्रत्येक भोक सारखं नसतं. रायफलच्या गोळीचं छोटं भोक असेल तर मोठ्या ट्रकच्या जाड टायरमधली हवा फुग्यासारखी फटकन जात नाही, हळूहळू जाते. गाडी चालू असताना हवा भरणारी यंत्रणा असेल तर ती गळती काही काळ भरून काढते. म्हणजे वाळूसाठी घेतलेली सोय गोळीच्या वेळीही अर्धंमुर्धं काम करते. उलट बाजूला सुरुंग घ्या. तिथे चाक अख्खंच उडून जातं, त्याच्यापुढे इन्सर्ट बिचारा काय करणार? म्हणजे रनफ्लॅटची खरी मिरासदारी मधल्या पट्ट्यात आहे: कपच्यांनी फाटलेला, हवा धरूच न शकणारा टायर. हा पट्टा लहान नाही, पण 'टायरला गोळी लागली' या वाक्याएवढा मोठाही नाही.

आता एक खरी घटना. २३ मार्च २००३, इराकमधलं नासिरिया. अमेरिकेच्या ५०७ व्या मेंटेनन्स कंपनीचा ताफा: ३३ सैनिक, १८ गाड्या. लढणारी तुकडी नव्हे, दुरुस्ती करणारी. कुवेतहून निघाल्यापासून अवजड गाड्या वाळूत रुतत होत्या, बंद पडत होत्या. त्या ओढून काढण्यात वेळ गेला आणि हे लोक मुख्य ताफ्याच्या खूप मागे पडले. मग थकलेल्या अवस्थेत वळण चुकलं, ताफा शहरात शिरला, परत फिरताना चहूबाजूंनी गोळीबार झाला. ११ सैनिक मेले, काही पकडले गेले. अमेरिकन सैन्याने स्वतःच त्याचा अहवाल काढला आहे.

या घटनेला 'चाकांची चूक' म्हणणं बालिशपणाचं होईल. चुकलेलं वळण, थकवा, ऐनवेळी अडकलेली शस्त्रं, बरंच काही होतं. पण घटनांची साखळी बघा. शेवटच्या तासात या ताफ्याला रनफ्लॅटचा उपयोग झाला असता, नक्कीच. मात्र त्या तासापर्यंत तो ताफा एकटा का पोहोचला? आदल्या दोन दिवसांत वाळूने खाल्लेल्या वेळामुळे. गोळी लागण्याच्या आधी रुतणं येतं. आणि रुतलेली गाडी दिसायला वीरश्रीची नसते, म्हणून तिच्यावर सिनेमा निघत नाही, वादही होत नाहीत.

आपल्याकडेही राजस्थानात तेच. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाला पाकिस्तानचे पट्ट्यांवर चालणारे रणगाडेसुद्धा वाळूत अडकले आणि जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांना आयते सापडले. रणगाड्याची ही गत, तर भरलेल्या ट्रकचं काय! वाळवंटात थांबलेली गाडी म्हणजे निशाण.

मित्राने यावर जे उत्तर दिलं ते मात्र मला मान्य करावं लागलं, आणि तुमच्यापासून ते लपवणं बरोबर नाही. तो म्हणाला, "राजस्थान सोड, द्रासचं बोल." १९९९ च्या उन्हाळ्यात श्रीनगर-लेह रस्ता तोलोलिंगवरून शत्रूला थेट दिसत होता. तोफांचा मारा नेमका रस्त्यावर होत होता, ट्रक रात्री दिवे बंद करून जात होते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. तिथे कपची लागून एका ट्रकचे टायर बसले तर तो फक्त स्वतः अडकत नाही, मागचे सगळे अडकतात. तिथे वाळूचा प्रश्न नाही. तिथे हवं फक्त एवढंच, की फाटक्या टायरवर गाडी पुढच्या वळणाआड जावी. तीस मैलही नकोत, तीन पुरेत.

हा मुद्दा वजनदार आहे, आणि तोच मला माझ्या मताकडे नेतो. रनफ्लॅटची गरज गाडीच्या प्रकारावर ठरत नाही, ती कुठे आणि ताफ्यात कितव्या जागी आहे त्यावर ठरते. अरुंद घाटरस्त्यावर माऱ्याच्या टप्प्यातून जाणारा ताफा असेल तर सगळ्यांना इन्सर्ट द्या, वाद नाही. चिलखती गाड्या, अॅम्ब्युलन्स, ताफ्यातली पहिली गाडी, यांनाही द्या. पहिली गाडी थांबली की सगळे थांबतात, म्हणून. आणि जिथे पूर्ण संच परवडत नाही तिथे निदान पुढच्या दोन चाकांचा विचार करा. सहा चाकी ट्रकचं मागचं एक चाक बसलं तर बाकीची तीन मिळून त्याला लंगडत नेतात. पुढचं चाक बसलं तर स्टिअरिंग हातात राहत नाही.

बाकी हजारो ट्रक, जे रोज पिठाची पोती, रॉकेल, पत्र्याच्या शीट आणि सुटीवर निघालेले जवान वाहतात, त्यांना चांगली दोन भागांची रिम, बीडलॉक, हवा कमी-जास्त करायची सोय, टॉर्क मोजणारा पान्हा आणि तो वापरायला शिकवणारा माणूस द्या. रिम एकदा दोन भागांची आणि योग्य मापाची घेतली की गरज पडेल तेव्हा त्याच रिममध्ये साध्या कड्याऐवजी इन्सर्ट बसवता येतो. म्हणजे आज बीडलॉक निवडणं हे उद्याच्या रनफ्लॅटचं दार बंद करणं नव्हे. आज नुसते इन्सर्ट मोजून घेणं आणि बाकीचं विसरणं, याने मात्र दोन्ही दारं बंद होतात.

कोणी म्हणेल, थोडं थांबा, बिनहवेचे टायर येतायत. मिशेलिनने २००५ मध्ये ट्वील दाखवला, आरे असलेलं रबरी चाक, हवाच नाही. छोट्या, हळू चालणाऱ्या यंत्रांवर तो छान चालतो. पण भरलेला ट्रक हमरस्त्यावर वेगाने नेताना जी उष्णता आणि कंपनं होतात, तिथे हवेला तोडीस तोड अजून मिळालेली नाही. शिवाय अशा चाकाचा जमिनीवरचा दाब बटणाने पाव करता येत नाही. हवा स्वस्त आहे, हलकी आहे आणि वाटेल तेव्हा बदलता येते. तिला घालवण्याऐवजी ती नसताना काय करायचं हे ठरवलेलं बरं.

आता हे सगळं मी इतक्या तळमळीने का लिहितोय? एक कारण म्हणजे आमचा आतेभाऊ. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये वीसेक वर्षं ट्रक चालवून निवृत्त झाला. दादाला गावातले लोक विचारायचे, "बॉर्डरवर गोळीची भीती नाही का वाटत?" तो म्हणायचा, "गोळी नंतर रे. आधी गाडी थांबायची भीती." त्याच्या या वाक्यात गोळीने थांबलेली आणि वाळूने थांबलेली असा फरक नव्हता. आपण शहरात बसून जो फरक करतो, तो बहुतेक वेळा बातमीच्या आकारावरून करतो.

आणि दुसरं कारण आपल्याच धंद्यातलं आहे. आमच्याकडेही डिझास्टर रिकव्हरीचं प्रेझेंटेशन असलं की मोठे साहेब स्वतः येऊन बसतात. आग लागली, भूकंप झाला, डेटा सेंटर गेलं, तर काय? चकचकीत स्लाइड्स. पण रोज रात्री डिस्क भरून बंद पडणाऱ्या जॉबकडे बघायला कोणाला वेळ नसतो. मोठ्या संकटाची तयारी दिसायला छान असते आणि तिच्या नावाने बजेटही पटकन मिळतं. रोजच्या अडकण्याला कोणी वाली नसतो. प्रत्यक्षात मोठी संकटं बरेचदा याच रोजच्या अडकण्यातून, एकेक तास उशीर होत होत, आपल्यापर्यंत चालत येतात.

जाता जाता एक. सध्या पुण्या-मुंबईत एसयूव्हीच्या रिमवर चकचकीत बोल्टांची माळ असलेली 'बीडलॉक लूक' चाकं दिसतात. त्यातली बरीचशी नुसती शोभेची. बोल्ट काहीही आवळत नाहीत. हौसेला मोल नाही, त्यामुळे तक्रार नाही. फक्त तसलं चाक घेऊन, आठ पीएसआयवर हवा आणून वाळूत शिरू नका म्हणजे झालं. कुलूप आणि कुलपाचं चित्र यांतला फरक वाळू फार लवकर दाखवून देते.

मित्राला हे सगळं पटलंय असं नाही. "तू कॉस्ट कटिंगवाला," असं म्हणून त्याने विषय संपवला. पण माझा मुद्दा खर्च वाचवण्याचा नाहीच. तेवढाच खर्च करा. फक्त आधी त्या संकटावर करा जे रोज येतं, आणि मग त्यावर जे एकदा येतं. लष्करी ट्रकच्या बाबतीत पहिल्याचं नाव हवा काढणं, दुसऱ्याचं हवा जाणं. दोन्हींत चाक शाबूत राहायला हवं, पण सुरुवात पहिल्यापासून.